नदीच्या तोंडाशी बर्फ पातळ

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. त्या हिवाळ्यात तळं लवकर गोठलं आणि माणसांची डोकी त्याहून लवकर, असं सूनबाई पुढे कितीतरी वर्षं म्हणत असे.

सगळं गाव तिला सूनबाईच म्हणे. सासरे म्हणत म्हणून न्हावी म्हणू लागला, न्हाव्याचं ऐकून गिऱ्हाइकं, आणि शेवटी रेडिओ केंद्राचे साहेबसुद्धा. केंद्र म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारच्या दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकलेले. कोपऱ्यात रॉकेलचा हीटर, तो फुरफुरू लागला की वाचता वाचता टेबलाखालून त्याला लाथ घालावी लागे. तिथे बसून सूनबाई सकाळ-संध्याकाळ मासेमारीचे हालहवाल वाची. कुठल्या तळ्यावर बर्फ किती जाड, नदीची धार कुठे मोकळी, मासे कुठे लागताहेत. वीतभर बर्फ माणसाला पुरे, हातभर असला तर गाडीलाही.

आता हे हालहवाल यायचे कुठून? मासे धरणाऱ्यांकडूनच. आणि मासे धरणारा माणूस आपली जागा सांगेल का? एरवी ही मंडळी सज्जन, कुणाच्या अध्यात न मध्यात. पण गळ हातात आला की धडधडीत खोटं बोलत आणि त्याला खोटं समजत नसत. ‘तिथे शुकशुकाट आहे’ म्हणजे तिथे मासे उड्या मारताहेत. ‘अमुक ठिकाणी भरपूर मिळतात’ म्हणजे तिथे गेला आठवडाभर कुणाला काही मिळालेलं नाही. आणि ‘बर्फ पातळ’ म्हणजे तिथे माझी खोपटी आहे, फिरकू नका. ऐकणारेही पक्के. बातमी ऐकायची, उलटी करायची आणि मग बर्फाला भोक पाडायचं गिरमिट खांद्यावर टाकून निघायचं. सूनबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा हे कळायला तिला एक हिवाळा लागला आणि वैताग मात्र कायमचा लागला.

या खोटेपणाचे मेरुमणी म्हणजे तिचे सासरे. नदी जिथे तळ्याला मिळते तिथे त्यांची पत्र्याची खोपटी होती. खाली बर्फावरून ओढायला लाकडी पट्ट्या, आत शेगडी, एक स्टूल आणि बर्फात गिरमिटाने पाडलेलं भोक. तिथे ते दिवसभर दोरी सोडून बसत. दर शुक्रवारी जेवताना ते न चुकता सांगत, “सूनबाई, लिहून घे. नदीच्या तोंडाशी बर्फ पातळ.” आणि तीही मुकाट्याने वाची. घरात भांडण नको.

त्या शुक्रवारी संध्याकाळी धरणाच्या राखणदाराचा फोन आला.

“बाई, दरवाजाच्या दुरुस्तीसाठी पाणी सोडलंय. तळ्याची पातळी उतरली. नदीच्या तोंडाशी बर्फ वरून तसाच दिसतोय, पण खालचं पाणीच गेलंय. छतासारखा नुसता लटकलाय. कुणाला जाऊ देऊ नका.”

“नक्की ना? की तुमचीही तिथे खोपटी आहे?”

“मला मासळीचा वाससुद्धा सोसत नाही, बाई.”

त्या गावात असा माणूस तोच एक. सूनबाईने लगेच वाचलं, धरणावरून कळवलं आहे असं दोनदा बजावून वाचलं, आणि घरी आली. सासरे स्वयंपाकघरात शेगडीपाशी गिरमिटाच्या पात्याला तेल लावत बसले होते. तिला पाहून हसता हसता त्यांना ठसका लागला.

“वा सूनबाई! माझंच वाक्य, पण धरणाचा शिक्का मारून!”

“मामंजी, ते तुमचं वाक्य नाही. बर्फ खरंच पोकळ आहे. राखणदाराने फोन केला.”

“राखणदार? न्हावी असेल तो! मागे पोलिस ठाण्यातून बोलतोय म्हणून मला तासभर झुलवलं होतं त्याने. मी घाबरून घरी बसलो की हा माझ्या जागेवर.”

“न्हाव्याचा आवाज मला कळतो हो!”

“तू भोळी आहेस.”

“अहो, पोरगी जीव तोडून सांगतेय,” सासूबाई म्हणाल्या.

“माझा मुलगा आगगाडीवर गार्ड आहे, तो हिरवा बावटा दाखवतो तेव्हा गाडी निघते. बायकांनी लाल दाखवला म्हणून मी थांबत नसतो.”

सूनबाईने पिशवी टेबलावर आपटली. “मामंजी, इतकी वर्षं तुम्ही तेच खोटं माझ्या तोंडून वदवलंत. आता खरं सांगायला माझ्याकडे शब्दच उरला नाही! सांगा, कसं सांगू? नाचून दाखवू?”

“नको. जेवायला वाढ.”

झोपण्यापूर्वी सासूबाईंनी म्हाताऱ्याचे बूट उचलून पिठाच्या डब्यात लपवले. सकाळी बूट डब्यातच होते आणि म्हातारा नव्हता. मुलाचे बूट घालून गेला होता, दोन मापं मोठे. सासूबाईंचा थर्मासही नेला होता.

“तू केंद्रावर जा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “त्यांच्याजवळ ट्रान्झिस्टर आहे. तुझं घरात ऐकत नाहीत, पण रेडिओवर ऐकतात.”

केंद्राच्या खिडकीतून तळ्याकाठचा रस्ता दिसे. सूनबाईने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सगळं गाव निघालं होतं. कालची बातमी सर्वांनी नीट ऐकली होती आणि नीट उलटी केली होती. ढकलगाड्या, स्टुलं, गिरमिटं, आणि सर्वांत पुढे न्हावी, दुकानाला कुलूप घालून. तिने खिडकी उघडून ओरडून सांगितलं, “जाऊ नका! पोकळ आहे!”

“कळलं, कळलं, सूनबाई!” न्हाव्याने एक डोळा मिटला. “अगदी पोकळ! म्हाताऱ्याला एकट्याला किती दिवस खाऊ द्यायचं?”

तिने खिडकी लावून घेतली. एकेकाला धरून समजवायला दिवस गेला असता, आणि समजावूनही काय होणार होतं? तिने हीटरला लाथ घातली, मायक्रोफोन पुढे ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनाने खोटं बोलली.

“मासेमारीचे ताजे हालहवाल. नदीच्या तोंडाशी बर्फ हातभर जाड आहे. गाडी न्यायलाही हरकत नाही. मासे इतके लागताहेत की बादल्या पुरत नाहीत. सर्वांनी जरूर यावं.”

रस्त्यावरची रांग जागीच थबकली. कुणाच्या तरी खांद्यावरचा रेडिओ कानाकानांवर फिरला. मग न्हाव्याने हवेत हात उडवले, चार शिव्या दिल्या आणि ढकलगाडी उलट फिरवली. त्याच्यामागे सगळे. सूनबाई खुर्चीत मागे रेलते न रेलते तोच फोन वाजला.

“नमस्कार बाई, दातांचा डॉक्टर बोलतोय. नवीन आलोय मी इथे. किती छान माहिती देता हो! गाडी नेली तर चालेल म्हणालात ना? निघालोच.”

“डॉक्टर, थांबा—”

फोन ठेवलेला.

त्या अख्ख्या गावात रेडिओवर सांगतात ते तसंच असतं असं मानणारा एकच माणूस होता, आणि तो आत्ताच हवा होता! सूनबाईने हाताला लागली ती गाण्यांची सर्वांत लांब तबकडी लावली, साहेबांची सायकल काढली आणि वाटभर सर्वांना मोठ्याने बोल लावत निघाली. आधी सासऱ्यांना, मग न्हाव्याला, मग दातांच्या डॉक्टरला.

काठावर पोचली तर डॉक्टरांची निळी गाडी अगदी बर्फाच्या कडेशी, आणि गाडीपुढे दोन्ही हात पसरून मामंजी.

“एक पाऊल पुढे टाकू नका! बर्फ पातळ आहे! पोकळ आहे! आत्ता मी मरता मरता वाचलोय!”

“पण रेडिओवर तर—”

“रेडिओचं मला सांगू नका. ती माझी सून आहे. मी बर्फावरून चालत आलोय. मासेही नाहीत, एकसुद्धा!”

“असं होय?” डॉक्टर म्हणाले. “मग कशाला जायचं?” आणि त्यांनी गाडी मागे घेतली.

तेवढ्यात मामंजींचं लक्ष सूनबाईकडे गेलं. फताडे बूट आपटत ते तिच्याकडे आले. “माझी जागा अख्ख्या गावाला वाटलीस? घरचा माणूस तू! ट्रान्झिस्टरवर ऐकलं आणि तस्साच उठून केंद्रावर निघालो होतो, तुझं तोंड—”

तळ्यावर आवाज झाला. चादर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडावी तसा. नदीच्या तोंडाशी खोपटी जराशी कलली, आणि दमलेला माणूस खुर्चीत बसावा तशी सावकाश खाली बसली. शेवटी धुरांड्याचं टोक राहिलं. मग तेही नाही.

दूर केंद्रावरची तबकडी डॉक्टरांच्या गाडीतल्या रेडिओवर वाजत होती.

मामंजींनी घसा खाकरला आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाले, “सांगितलं होतं ना मी? पातळ आहे म्हणून?”

सूनबाई सायकल टाकून तिथेच बर्फात बसली. रडावं की या माणसाच्या डोक्यात गिरमिट घालावं हे तिला कळेना. गिरमिट तर खोपटीबरोबर बुडालं होतं.

“थर्मास?” तिने एवढंच विचारलं.

मामंजींनी पहिल्यांदा मान खाली घातली. “आत होता.”

सासूबाईंनी थर्मासचं दुःख महिनाभर ऐकवलं आणि म्हाताऱ्याविषयी एक अक्षर काढलं नाही; फक्त त्या दिवसापासून चहा त्याच्यापुढे ठेवताना कपाचा कान त्याच्या बाजूला फिरवून ठेवू लागल्या.

सूनबाईने साहेबांना बजावलं, माशांची बातमी मासे धरणाऱ्यांची, बर्फाची माझी. तेव्हापासून बर्फाची बातमी राखणदार स्वतःच्या आवाजात देऊ लागला. तो निवृत्त होईपर्यंत गावात बर्फातून कुणी खाली गेलं नाही. माशांबद्दल सगळे पूर्वीसारखेच खोटं बोलत राहिले. न्हाव्याने दुकान मुलाकडे सोपवलं आणि मामंजींची ती जागा शेवटी मिळवली. तिथे मासे फारसे नसतातच हे त्याला दोन हिवाळ्यांनी कळलं, पण त्याने ते कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर गावातच रमले. पाचेक वर्षांनी त्यांनी केंद्रावर फोन करून सांगितलं, “पुलाखाली शुकशुकाट आहे, बाई,” आणि सूनबाई त्यांच्यावर इतकी चिडली की पुढे दाढ दुखली तरी महिनाभर त्यांच्याकडे गेली नाही.

मामंजी म्हातारपणी अंथरुणाला खिळले. तोवर ‘मी त्या डॉक्टरला वाचवलं’ ही गोष्ट त्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली होती. शेवटच्या हिवाळ्यात ते रोज विचारत, “नदीच्या तोंडाशी काय?”

“बर्फ पातळ, मामंजी. मासे नाहीत.”

“हं,” ते समाधानाने म्हणत आणि कूस बदलत.

केंद्र बंद झालं, सूनबाई स्वतः सासू झाली. आता तिचा नातू हातातल्या फोनवर बर्फाची जाडी बघतो आणि ती खरी असते. तरीही तो निघाला की ती दारापर्यंत येते, त्याच्या बुटांकडे बघते आणि वैतागून विचारते, “आणि हे कोण सांगतंय? मासे धरतो का तो?”