तीन महिने बोलायचं नाही

"पानी घे. चूळ भर. आन उठू नगंस घाईनं," दगडाबाई म्हणाली.

पल्लवी न्हाणीच्या उंबऱ्याशी ओणवी होऊन ओकत होती. सकाळपासूनची ही चौथी खेप. पोटात काही उरलंच नव्हतं, नुसतं कडू पाणी येत होतं आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पाठीवरून मात्र चक्क सासूचा हात फिरत होता. सात वर्षांत तो हात त्या पाठीवर पहिल्यांदा पडला होता. मारायलाही कधी पडला नव्हता म्हणा, दगडाबाई तशी बाई नव्हती. ती नुसती लांब असायची. एकाच घरात, एकाच चुलीपुढं बसून माणसाला किती लांब राहता येतं, ते तिच्याकडून शिकावं.

"आत्या, तसलं काय न्हाई ओ," पल्लवी तोंड पुसत म्हणाली. "मला जरा..."

"गप." दगडाबाईनं तिच्या तोंडावर हातच ठेवला. "एक सबूद काढायचा न्हाई. तीन महिनं व्हईस्तवर न्हाई. मी इचारत न्हाई, तू सांगू नगंस."

आणि पदरानं डोळे टिपत, पण हसत, ती गोठ्याकडं निघून गेली.

आता खरी गोष्ट अशी, की पल्लवीच्या पोटात फुगा होता.

लग्नाला सात वर्षं झालेली, वजन चौऱ्याण्णव किलो, आणि पाळी आली तर आली, नाहीतर तीन-तीन महिने पत्ता नाही. शिवतेज फौजेतून महिन्याच्या सुट्टीवर आला तो ठरवूनच आला होता. साड्या घ्यायला जातो असं आईला सांगून तो बायकोला सांगलीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढून दोघांना समजावलं. आधी वजन उतरू दे, पाळी वेळेवर येऊ दे, मग बाळाचं बघू. ऑपरेशन नाही, टाका नाही. एक मोठी गोळी, तिला बारीक नळी जोडलेली. ती पाण्याबरोबर गिळायची. एक्स-रेत बघून नळीतून पाणी सोडलं, की पोटात फुगा फुगतो आणि नळी काढून घेतात. चार महिन्यांनी तो आपोआप रिकामा होऊन पडून जातो. तोवर पोटात जागा अडवून बसतो, त्यामुळं थोडं खाल्लं तरी पोट भरतं. पहिले काही दिवस उलट्या होतील, घाबरायचं नाही, असंही बाईंनी सांगितलं होतं.

उलट्यांना पल्लवी घाबरलीही नसती. पण परतीच्या वाटेवर शिवतेजनं बजावलं, "आईला फुग्याचं बोलायचं न्हाई. आईला कळलं म्हंजी राहीकाकूला कळलं, आन राहीकाकूला कळलं की संपलंच. गाव फुगेवाली म्हणंल तुला." आणि तिसऱ्या दिवशी तो ट्रंक उचलून जम्मूला गेला. सुट्टीचा महिना, पाळीचा पत्ता नाही, आणि नवरा गेल्याबरोबर उलट्या. दगडाबाईनं बोटं मोजली आणि काय ते समजली. तिचं तरी काय चुकलं? कोरेगाव तालुक्यातली कुठलीही सासू हेच समजली असती.

आणि एकदा समजल्यावर बोलायची सोय नव्हती. दिवस गेल्याचं तीन महिने तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, ही तिथली जुनी रीत. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. त्यात पल्लवीची गोची झाली. जे कुणी बोललंच नाही, ते खोटं आहे हे सांगायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातातली घागर गेली. मग केरसुणी गेली. मग धुण्याची बादली. दगडाबाई पहाटे उठून एकटी सगळं उरकायची आणि वर सुनेपुढं ताट आणून ठेवायची. तूप घातलेला शिरा, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. "दोन जिवांचं खायाला पायजे," हे काही ती बोलायची नाही, बोलायचं नव्हतंच. नुसती समोर उभी राहायची. पल्लवीला तर वाटीभर भात जड. सासूच्या डोळ्यांदेखत तिनं दुसरी वाटी संपवली, की पाचव्या मिनिटाला ती न्हाणीत. उलटी झाली, की दगडाबाईची खात्री आणखी पक्की. खात्री पक्की झाली, की ताट आणखी मोठं. यातून बाहेर पडायचं कुठून, हे त्या बिचारीला कळेना. लाडू ती पदराखालून न्यायची आणि म्हशीला घालायची. त्या दोन महिन्यांत खरं बाळसं धरलं ते म्हशीनं.

वजन उतरत चाललं, तेही दगडाबाईला बरोबरच वाटलं. "पयल्या खेपंला वाळत्याच बाया," ती म्हशीला सांगायची, सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

खोटं कशाला बोला, पल्लवीला हे सगळं आवडतही होतं. या घरात तिला कुणी कधी "जेवलीस का" म्हणून विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, दिसतच होती की ती जेवलेली, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर असायचं. दुसऱ्यांच्या घरी ओटी भरायला बायका उठल्या, की दगडाबाई तिला चहाची भांडी विसळायला आत पाठवायची. आता तीच सासू दुपारी उशाशी बसून तिच्या केसांत तेल घालत होती. रोज सकाळी पल्लवी ठरवायची, आज सांगायचं. आणि रोज दुपारी ते तेल डोक्यात मुरलं, की उद्यावर ढकलायची. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि तरीही ती डोकं पुढं करायची.

शेवटी तिनं शिवतेजला फोन लावला. ऐकून तो आधी हसला.

"ऱ्हाऊ दे आता," तो म्हणाला. "आई खूश हाय न्हवं? मी गणपतीला येतोय सुट्टीवर. तवा बघू."

"तवर पोट कुठनं आणू?" पल्लवी म्हणाली.

त्यावर त्याला रेंज मिळेनाशी झाली.

तिसरा महिना लागता लागता दगडाबाईच्या पायांत चपला दिसेनात. विचारलं तर सांगेना. शेवटी राहीबाई बोलून गेली. राहीबाई म्हणजे दगडाबाईची धाकटी जाऊ, शेजारच्याच दारात राहायची. "म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोललीया ती. पाळणा हालंस्तवर पायात घालनार न्हाई म्हनती." एका संध्याकाळी दगडाबाई तोडलेल्या उसाच्या फडातून लंगडत आली. बुडख्यानं तळवा चांगलाच फाटला होता. पल्लवीनं तिथं हळद दाबली.

"आत्या, मला बोलायचंय."

"परवा बोल," दगडाबाई दात आवळून म्हणाली. "परवा चोरओटी हाय तुझी. ती झाली की बोलायला मोकळी तू."

चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता, घरातल्या घरात भरायची ओटी. पण दगडाबाईला ती स्वतःच्या हातानं भरता येत नव्हती. सासरा वारून अकरा वर्षं झालेली, आणि ओटी भरायला सवाशीण लागते. म्हणून तिनं राहीबाईला सांगितलं. राहीबाईनं आणखी दोघींना सांगितलं. चोरून करायची ती गोष्ट अशी चौघींत झाली.

आणि त्या दिवशी सकाळी पल्लवीला पाळी आली.

साडेचार महिन्यांनी, कुठल्याही गोळीशिवाय, आपली आपण आली. तिनं न्हाणीची कडी लावून सांगलीला फोन केला. पलीकडची नर्स आनंदानं ओरडलीच, "अरे वा! अभिनंदन मॅडम! हेच तर पाहिजे होतं आपल्याला." पल्लवीनं थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवून तिथंच बसून राहिली. याच दिवसासाठी तिनं तो फुगा गिळला होता. आणि आज त्याच दिवशी घरात पाट मांडला जात होता.

बाहेर बायका येऊन बसल्या. राहीबाईनं सुपात तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळदकुंकू मांडलं. पल्लवीनं सासूला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आगं चल की. बाया खोळंबल्यात."

"आत्या, मला पाळी आलीय."

दगडाबाईच्या हातातलं निरांजन खाली पडलं. ते उचलायचं तिला भान नव्हतं. "कवा? लय जातंय का? आडवी हो आधी. कोनाची तरी गाडी बघती, कोरेगावला दवाखान्यात..." आणि मग एकदम तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मीच मेली. काल माजा पाय दुखतोय म्हनून तुला बादली उचलू दिली. मीच घात केला. माज्याच हातानं केला."

इथं पल्लवी गप्प बसली असती, तरी सुटली असती. सुटकेचं दार आपोआप उघडलं होतं. कुणाला काही सांगायची गरज नव्हती, कुणी कधी विचारलंही नसतं. पण म्हातारी भिंतीला टेकून कपाळ बडवत होती, आणि ते बघून गप्प राहणं पल्लवीला जमेना.

"आत्या, तुमी काय केलं न्हाई," तिनं सासूचे दोन्ही हात धरले. "पोटात काय नव्हतंच. पहिल्यापासनं नव्हतं. सांगलीला मी फुगा गिळलाय, वजन उतरायचा. त्याच्या उलट्या होत्या त्या. मूल राहावं म्हणूनच केलं ओ. सांगायला पायजे होतं, मला धीर झाला न्हाई."

दगडाबाई बघत राहिली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली, पाय पसरून, फडक्यात बांधलेला तळवा पुढं करून.

"काय बी नव्हतं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"आवं वैनी, यताय न्हवं?" बाहेरून राहीबाईची हाक आली.

दगडाबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. निरांजन उचलून कोनाड्यात ठेवलं. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि सोप्यात गेली. पल्लवी दाराआड उभी राहून ऐकत होती. आता हसतील, तिला वाटलं. फुगेवाली म्हणतील.

"राहीबाई, ठेवा ते सूप," दगडाबाईचा आवाज आला. "टिकलं न्हाई. सकाळी गेलं."

मग एकदम सगळ्या आत आल्या. राहीबाईनं पल्लवीला पोटाशी धरलं, "रडू नगंस बाय, तरनी हायस, व्हतंय आसं, मला बी झालंतं." एकीनं वाकळ अंथरली, दुसरीनं चूल पेटवून पाणी ठेवलं. आणि पल्लवी रडली. सोंग म्हणून नाही, खरंखुरं, हुंदके देऊन रडली. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. उद्या सगळी आळी भेटायला येणार, परवा माहेरची येणार, आणि न झालेल्या मुलासाठी आपण त्यांच्यापुढं बसायचं, हे तिला रडता रडताच कळत होतं.

बायका गेल्या तेव्हा ऊन कलंडलं होतं. दगडाबाईनं दार लोटलं.

"आत्या, खोटं कशाला सांगितलं?"

"फुग्याचं कळलं आसतं तर जलमभर हासली आसती तुला." ती सुपातले तांदूळ निवडायला बसली होती. खडा नव्हता एकही, तरी निवडत होती. "आन खोटं कुठं हाय? तुज्या पोटात नसंल. माजं तर गेलंच की."

दगडाबाईचे हात थांबले, तिनं तोंड भिंतीकडं केलं. खांदे हलत होते, आवाज नव्हता. पल्लवी उठून तिच्या शेजारी जाऊन टेकली. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

मग दगडाबाईनं नाक पुसलं, तेच तांदूळ धुऊन चुलीवर चढवले. भात झाल्यावर ताट घेतलं, डाव भरला आणि पहिल्यांदाच मध्ये थांबली.

"किती खायाला सांगितलंय डाक्टरनं?"

"वाटीभर. हळूहळू. एकेक घास चावून."

दगडाबाईनं डावातला निम्मा भात परत पातेल्यात टाकला. उरलेला वाटीत घातला, वर चमचाभर वरण घातलं आणि वाटी सुनेपुढं सरकवली. स्वतःचं ताट वाढून घेऊन ती समोर मांडी घालून बसली.

"खा मंग सावकाश," ती म्हणाली. "मी हाय बसलेली."