उसवलेला आतला खिसा

मित्रांनो, कायद्याच्या कॉलेजातल्या बैठकीच्या खोलीत, दारामागच्या खुंटीवर जो जुना काळा कोट लटकलेला असतो ना, तो मीच. कोपरांवर घासून गुळगुळीत झालेला, एक बटण वेगळ्याच रंगाचं असलेला. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे. फुशारकी मारायची म्हणून नव्हे. मनावरचं ओझं थोडं उतरावं म्हणून.

एका म्हाताऱ्या शिंप्याने मला देवाचं नाव घेत घेत शिवलं. माझे पहिले मालक मला घालून वकील झाले. पुढे त्यांना सुखाचं पोट सुटलं आणि माझ्या बटणांनी त्यांच्याशी अबोला धरला. मग ते मला कॉलेजात घेऊन आले आणि म्हणाले, "ज्याच्याकडे कोट नाही, त्याने हा घालावा."

इथे अभिरूप न्यायालय भरतं. शिक्षक न्यायाधीश होऊन बसतात आणि मुलं वकील होऊन वाद घालतात. कोटाशिवाय उभं राहता येत नाही. त्यामुळे मी कितीतरी खांद्यांवर बसलो. किती नवखे हात माझ्या बाह्यांत शिरले! मुलांनी एक छान रीत पाडली होती. मला घालणाऱ्याने उतरवताना आतल्या खिशात पुढच्यासाठी एक चिठ्ठी ठेवायची. एकाने लिहिलं होतं, "बाईंनी चष्मा काढला तर घाबरू नकोस. त्यांना फक्त डोळे चोळायचे असतात." ती चिठ्ठी वाचून पुढचा न अडखळता बोलला.

आता माझी चूक सांगतो. त्या आतल्या खिशाच्या तळाची शिवण उसवली. आधी बोटभर, मग दोन बोटं. एक चिठ्ठी घसरून अस्तरात आली, माझ्या पोटाशी. मित्रांनो, खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे शब्द फक्त पोचवत आलो होतो. आता काही शब्द माझ्याजवळच राहू लागले. पुढच्याला रिकामा खिसा मिळतो, याचा विचार मी केलाच नाही.

त्या वर्षी स्पर्धेच्या अंतिम फेरीला एक मुलगी उभी राहणार होती. सगळे तिला बुलबुल म्हणत, कारण ती बोलू लागली की थांबायची नाही. तिच्यासाठी ग्रंथालयात बसून सगळा अभ्यास केला तिच्या संघातल्या मित्राने. तो कमी बोलायचा, म्हणून त्याचं नाव मुनी. न्यायाधीश विचारतील अशा अवघड प्रश्नांची उत्तरं त्याने एका कागदावर काढली. आदल्या दुपारी सरावासाठी तो मला घालून विरुद्ध बाजूचा वकील झाला, आणि जाताना त्याने तो कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला. सकाळी मला बुलबुलच घालणार होती.

कागद घसरला. मी तो जपून घेतला.

दुसऱ्या दिवशी भर न्यायालयात बुलबुलने खिशात हात घातला. खिसा रिकामा! कागद तिच्या कमरेपाशी किंचित कुरकुरत होता, पण स्वतःच्या काळजाच्या धडधडीत तिला तो कसा ऐकू येणार? ती अडखळली. समोरच्या संघातल्या मुलाने नेमकी तीच उत्तरं घडाघडा दिली. तो मुनीच्याच खोलीत राहायचा. बस्स, मुनीने कागद त्यालाच दिला असं मानायला एवढं पुरे झालं.

संध्याकाळी इथेच, माझ्यासमोर, बुलबुलच्या संघातले सगळे जमले.

"बोल की मुनी! कुठे गेला कागद?"

"खिशात ठेवला होता. खरंच."

"मग काय खिशाने गिळला?" एक जण म्हणाला आणि सगळे हसले.

हो रे बाळांनो, खिशानेच गिळला होता! पण देवाने कापडाला जीभ दिली नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे त्याच मुलांनी त्याच आठवड्यात वर्गात पाठ म्हटलं होतं. तरी मुनीला काढण्यासाठी हात वर झाले. बुलबुलचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला. मुनी संघातून बाहेर झाला. जाताना त्याने खाली पडलेल्या मला उचललं, झटकलं आणि कॉलर सरळ करून खुंटीवर टांगलं. त्याचा तो हात मला आजही पोळतो.

मग मुनी भोजनगृहात एकटा बसू लागला. अभिरूप न्यायालयाच्या यादीतून त्याने नाव काढून घेतलं.

दोन महिन्यांनी माझं बटण तुटलं. बुलबुल मला घेऊन ग्रंथालयातल्या बांधणीकाकांकडे गेली. काका फाटकी पुस्तकं शिवत. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि ते थबकले.

"पोरी, याच्या पोटात कागद वाजतोय गं."

त्यांनी अस्तर उसवलं. अकरा चिठ्ठ्या निघाल्या आणि तो घडी केलेला कागद. त्याच्या पाठीवर मुनीने लिहिलं होतं, "पहिल्या मुद्द्यानंतर एक श्वास घे. मी मागच्या बाकावर आहे. घाबरलीस तर माझ्याकडे बघ."

बुलबुलने ते दोनदा वाचलं. "काका, मग त्या मुलाला सगळी उत्तरं कशी आली?"

"अगं, तुम्हा दोघांच्या संघांनी एकच पुस्तक नेलं होतं माझ्याकडून. मला कुणी विचारलंच नाही."

ती मला तसाच उसवलेला हातात घेऊन धावत मुनीकडे गेली. सगळ्यांना बोलावून तिने कागद दाखवला आणि माफी मागितली. मुनीने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "कागद सापडला म्हणून तुमचा विश्वास बसला. नसता सापडला तर?"

 

काकांनी माझा खिसा पुस्तकाच्या जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवला आहे. काळ्यावर तो उठून दिसतो. दिसू दे. मला घालणाऱ्या प्रत्येकाचं बोट बुलबुल आधी त्या शिवणीवरून फिरवते. मित्रांनो, तुमच्या वस्तूंची शिवण बोटभर उसवली की लगेच टाका घाला. आणि कुणाकडे बोट दाखवण्याआधी तेच बोट खिशाच्या तळापर्यंत घालून बघा.

मुनी आता पुन्हा सगळ्यांबरोबर जेवतो. वादाला मात्र अजून उभा राहिलेला नाही. शिवलेल्या खिशात बुलबुलची एक चिठ्ठी आहे, त्याच्या नावाची. मला घालणारा प्रत्येक जण ती वाचायला काढतो, नाव बघतो आणि परत ठेवतो.

मी ती सांभाळून ठेवली आहे. या वेळी घसरू देणार नाही.