चारशेंतला उरलेला

‘अचंचल’ हा शब्द नीट उच्चारला, म्हणजे तो नीट ऐकला गेला असे होत नाही. संस्कृतात शब्दारंभीच्या नकारार्थी ‘अ’चे सहा अर्थ सांगितले आहेत. व्यवहारात आपण त्यांतला एकच धरून चालतो: नाही. पण अल्पता हाही त्यांतला एक आहे. ‘अनुदरा’ म्हणजे उदरच नसलेली कन्या नव्हे. सडपातळ पोटाची कन्या. तसाच अचंचल म्हणजे मुळीच न हलणारा, किंवा थोडासाच हलणारा. या दोन अर्थांमधल्या फटीत मी राहतो, आणि तिथूनच बोलतो आहे.

बाजारात मला युनिट म्हणतात. वैजयंतीबाई मला अंश म्हणत, आणि मलाही तेच नाव आवडते. कमी चढउतार असलेल्या समभागांच्या एका निधीचा मी अंश आहे. तीस कंपन्या माझ्यात थोड्या थोड्या नांदतात; कुणी साबण करते, कुणी औषधे, कुणी दंतमंजन. त्या पुढे किती कमावतील हे पाहून त्यांची निवड होत नाही. मागे त्यांचा भाव किती कमी हेलकावला, एवढेच पाहिले जाते. वर्गातली शांत मुले वेचून एका बाकावर बसवावीत, तसे. बाजार उघडा असेपर्यंत एखाद्या समभागासारखी माझीही खरेदी-विक्री होते.

मात्र मला देह नाही. कपाटातल्या जुन्या पावतीला निदान झुरळाची सोबत असते. मला तीही नाही.

वैजयंतीबाई बुऱ्हाणपूर शहराच्या राजपुरा भागात एकट्या राहतात. पस्तीस वर्षे त्यांनी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले. त्यांची थोरली बहीण मालूबाई जवळच्याच बहादरपूर गावची, केळीच्या बागेत आयुष्य गेलेली. दोघींचेही कुंकू गेलेले. रस्ता रुंद करताना मालूबाईंच्या बागेची एक पट्टी गेली आणि तिचे पैसे हाती आले. तेव्हा ठरले, की वैजयंतीबाईंच्या गच्चीवर एक खोली बांधायची आणि मालूबाईंनी तिथे कायमचे राहायला यायचे. पण सोबत राहणाऱ्या नातीची, रश्मीची, बारावी होईपर्यंत त्यांना बहादरपूर सोडता येणार नव्हते. बारावीला अजून दोन वर्षे होती. तोवर पैसे कुठे ठेवायचे?

बाईंनी पुष्कळ वाचले होते. दोन वर्षांचा काळ माझ्यासारख्याला थोडा पडतो, हेही वाचले होते. पण खोलीच्या आनंदात ते वाक्य त्यांनी घाईने ओलांडले. थोरलीच्या नावाने खाते उघडले गेले. ईमेलचा पत्ता बाईंनी स्वतःचा दिला, कारण थोरलीला तो नव्हता.

“वैजू, हे हालनार तर नाही ना? मले पक्कं सांग,” मालूबाईंनी विचारले. “भाईदास म्हनतो, शेअर म्हनजे जुआ.”

“ताई, हा तसला नाही. हा अचंचल आहे.”

“म्हनजे हालत नाही.”

 बाईंच्या ओठांवर दुरुस्ती आली असावी. आयुष्यभर त्यांनी मुलांच्या वह्यांतला अनुस्वारही सोडला नव्हता. त्या दिवशी बहिणीच्या चेहऱ्यावरचे समाधान मात्र त्यांना खोडवेना. “अचंचल,” एवढेच त्या पुन्हा म्हणाल्या. मालूबाईंनी ते होकार धरले.

असे आम्ही चारशे जण मालूबाईंचे झालो.

पहिले वर्ष बाजार उधळला. मी सावकाश चढलो, आणि सावकाश चढणाऱ्याची वार्ता कोणी देत नाही. भाईदास हा मालूबाईंचा पुतण्या. शाहपूरला त्याचे केळी पिकवण्याचे गाळे आहेत. तो येता-जाता चिडवी.

“काकू, लोकायचे घोडे पळू राह्यले, अन् तुमचं तं खुट्याले बांधलेलं!”

“मले शर्यत नाही लावनं. मले खोली पायजे.”

त्या उत्तराने मला इतके बरे वाटले, की तेवढे बरे नंतर कधीच वाटले नाही.

मग एका हिवाळ्यात बाजार घसरला. दीडेक महिन्यात शंभराचे पंचाऐंशी झाले. माझ्या शंभराचे एक्क्याण्णव झाले. मी ज्यासाठी जन्मलो, ते काम मी चोख केले होते. पण पडणाऱ्याने ‘मी इतरांपेक्षा कमी पडलो’ असे सांगून कोणाचे सांत्वन होत नाही. मालूबाईंनी विकत घेतल्या भावाच्याही मी खाली उतरलो होतो.

“काकू,” भाईदास हसला, “खुट्याचं घोडं बी बसलं का?”

मालूबाई दुसऱ्याच दिवशी राजपुऱ्यात आल्या. पिशवीतली केळी पिशवीतच राहिली. त्यांच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मी लाल अक्षरांत उघडा होतो.

“तू म्हनली होती, हालत नाही.”

“ताई, मी अचंचल म्हणाले होते. त्या ‘अ’चा अर्थ ‘थोडा’ असाही होतो. तो थोडाच हलला आहे. बाकीचा बाजार बघ. जरा थांब, सावरेल.”

“मी तुह्या शाळेतली पोरगी नाही, वैजू. तेव्हा सांगाचं होतं ना, थोडं हालते म्हनून. मी तरी बी ठेवले असते.”

“तुला समजावं म्हणूनच तर—”

“मले समजते. केळीले वारा लागते हे मले समजते. तुले तुहा शब्द राखाचा होता, अन् मले खोली पायजे होती.” पिशवी उचलून त्या उभ्या राहिल्या. “राहू दे तुही खोली.”

बाई त्यांना थांबवण्यासाठी उठल्या नाहीत. माझी चूक झाली, हे तीन शब्द त्यांना येत होते. पण व्याकरणाने आपण बरोबर आहोत, ही जाणीव माणसाला खुर्चीत खिळवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालूबाई बागेच्या कडेला बसल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आणून त्यांनी विक्रीच्या चौकटीत आकडा लिहिला: चारशे. मग बोट थांबले. समोर घड कापलेले खोड आडवे पडले होते, आणि त्याच्या बुडाशी पुढच्या बागेसाठी राखलेला कोवळा फुटवा, पील, उभा होता. केळीचे घड उतरवले, की खोड तोडतात. पण बुडाशी एक पील राखतात. त्यावरच पुढची बाग धरते. सगळेच तोडणाऱ्याला त्या गावात शेतकरी म्हणत नाहीत.

मालूबाईंनी चारशे पुसले. तीनशे नव्याण्णव लिहिले.

“एक राहू दे,” त्या पुटपुटल्या. “वैजूनं लावलेलं हाय.”

तीनशे नव्याण्णव गेले. इतकी सोबत एका क्षणात उठून गेली, की निरोप घ्यायलाही वेळ नव्हता. तो राखलेला एक मी.

आता मी त्या खात्यात एकटा असतो. बाजार पुढे सावरला; मीही माझ्या चालीने सावरलो. रश्मीची बारावी झाली, ती शिकायला इंदूरला गेली. मालूबाईंच्या घरात आता एकटीपुरती भाकरी होते. राजपुऱ्यातल्या घरातही तेच. गच्ची मोकळी आहे. कधी कधी दुपारी मालूबाई मला उघडतात, भाव पाहत नाहीत, मी आहे एवढे पाहतात आणि मिटतात. महिन्याअखेरीला माझे विवरण बाईंच्या ईमेलवर जाते: शिल्लक, एक. त्याही ते उघडतात. शेजारणीला एकदा म्हणाल्या, “ताईचं बोट चुकलं असणार. एक राहून गेला बिचारीचा. पण आता सांगू कशी?”

बाई, मला कंठ नाही. नाहीतर त्याच क्षणी सांगितले असते.

आमची गोष्ट राजपुऱ्यात आणि बहादरपुरात अशी सांगतात, की शिकलेल्या बहिणीने अडाणी बहिणीचे पैसे शेअरमध्ये बुडवले, घाबरलेल्या म्हातारीला नीट विकताही आले नाही, आणि तेव्हापासून दोघींत अबोला आहे. यातले ‘बुडवले’ चूक आहे. जेवढे पैसे गेले, तेवढ्याने गच्चीवरच्या खोलीच्या चार भिंतींतली अर्धी भिंतही अडली नसती. ‘विकता आले नाही’ हेही चूक आहे. ते बोट चुकले नव्हते, चारशे लिहून थांबले होते. पण सर्वांत मोठी चूक शेवटच्या शब्दात आहे. ‘अबोला’ म्हणताना लोक त्यातला ‘अ’ अभावाचा धरतात. तो अल्पतेचा आहे. त्या दोघींत अजून थोडेसे बोलणे शिल्लक आहे. नेमके सांगायचे तर, एक.