लटारूची अडलेली प्रार्थना

मित्रांनो, मी सागवानाचा एक जुना बाक आहे. कुरखेड्याजवळच्या एका खेड्यात कौलारू ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे, तिथे डाव्या रांगेत मी तिसरा. लाकूड आलापल्लीच्या जंगलातलं, हात बुधू सुताराचा. मला आत आणलं तेव्हा लोक माझ्यावरून हात फिरवत, कौतुक करत. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. तेव्हापासून माझ्यावर नेमाने दोघंच बसत, लटारू आणि रुखमाबाई.

लटारू धान पिकवणारा शेतकरी. सगळ्या प्रार्थना त्याला तोंडपाठ. पाळकांची एखादी ओळ चुकली तर तो हळूच सुधारून देई. रुखमाबाईला एकही प्रार्थना धड येत नसे. ती डोळे मिटून बसे आणि थोड्या वेळाने तिची आसवं माझ्या फळीवर पडत. लटारूला ते रुचत नसे.

"रुखमाबाई, देवाले आसवं नाई लागत," तो एकदा म्हणाला. "शब्द नीट पाहिजे."

"मले शब्द नाई येत, भाऊ. मनात भरून येते, तेच त्याले देते."

मी लाकूड. कोणाचं बरोबर, हे मला काही सांगता आलं नसतं. उपासना संपली की ती पेजेचा डबा उचलून कोणा आजाऱ्याकडे जाई, एवढं मात्र मी पाहत होतो.

लटारूला डोमा नावाचा धाकटा भाऊ होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं आणि नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद पडलं. त्या नऊ वर्षांत लटारूने क्षमेची प्रार्थना दर रविवारी म्हटली. एकदाही अडखळला नाही.

दोन वर्षांपूर्वी, मोहफुलांच्या दिवसांत, डोमा पहाटे फुलं वेचायला जंगलात गेला आणि अस्वलाने त्याला फाडलं. त्याला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. देवराव पाळक म्हणाले, "लटारूभाऊ, डोमासाठी प्रार्थना तुमीच करा."

तो उभा राहिला. "हे दयाळू बापा," म्हणाला आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. मग मटकन माझ्यावर बसला.

"लहानपणी त्याले खांद्यावर बसवून मीच शाळेत नेत होतो," तो खाली पाहत म्हणाला. "नऊ वर्षं त्याचं नाव नाई घेतलं. आता कोणत्या तोंडानं घेऊ?"

आणि सगळ्यांदेखत तो रडला. रुखमाबाईने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "आता उठा, भाऊ. ब्रह्मपुरीची जीप निघून राह्यली. देव इथी ऐकते, पण डोमा तिथी हाय."

उपासना अर्धी टाकून तो गेला.

तिथे काय झालं ते मला धान कापणीनंतर कळलं. डोमा भावासोबत मंदिरात आला आणि माझ्यावर बसला. त्याचा एक डोळा गेला होता. रुखमाबाईला तो सांगत होता, "दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. कोण आलं ते दिसत नव्हतं. त्यानं माझा हात धरला अन् म्हणाला, 'डोमा, मले माफ कर.' मी म्हटलं, 'काऊन इतका उशीर केला?' मंग दोघंही रडलो."

लटारू आजही प्रार्थना करतो, पण आता मधे मधे थांबतो. एखादी ओळ विसरतो. कोणी सुधारत नाही.

माझा एक पाय वाळवीने पोखरलाय. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मी टिकेन असं वाटत नाही. मला नवं पॉलिश नको, मित्रांनो. एवढंच करा, देवापुढे ज्याचं नाव घेताना तुम्ही अडखळता, त्याच्या घरी आजच जा. अस्वलाची वाट पाहू नका.