उमेदवाराची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, हातांची लाकडी खुर्ची आहे आणि मी जन्माची भित्री आहे. पोलीस मुख्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर मुलाखतीची खोली आहे. तिथे टेबलासमोर मला एकटीला मांडत असत. डिटेक्टिव्ह व्हायला आलेले उमेदवार माझ्यावर बसत आणि त्यांची भीती माझ्यात मुरे.

ज्या सुताराने मला घडवले तो हाताचा चांगला होता, पण त्या दिवशी त्याला घरी जायची घाई होती. माझ्या मागच्या उजव्या पायाचे भोक जरा मोठे पडले. त्याने त्यात सरस ओतला, मला एकदा हलवून पाहिले आणि "चालतंय" म्हणून बाजूला ठेवले. हे 'चालतंय' मला पुढे फार महाग पडले. काही वर्षांत सरस सुकला आणि कोणी उजवीकडे कलले की माझा सांधा करकरू लागला.

तुम्हाला वाटेल, पोलिसात गेले की झाले डिटेक्टिव्ह. छे! आधी काही वर्षे गणवेशात गस्त घालावी लागते, भांडणे सोडवावी लागतात, पंचनामे लिहावे लागतात. मग अर्ज, लेखी परीक्षा, धावण्याची चाचणी आणि डॉक्टर. त्यानंतर चौकशी करणाऱ्याचीच चौकशी होते. शेजाऱ्यांना विचारतात, जुन्या वरिष्ठांना विचारतात, मेव्हणा काय करतो तेही विचारतात. एवढ्यातून जो उरे तो माझ्यावर येऊन बसे. बाहेर चोरांना घाम फोडणाऱ्यांचे तळहात माझ्यावर बसले की ओले होत. माझ्या हातांवरचे पॉलिश त्यानेच गेले.

समोर दोघे बसत. एक मोठे साहेब आणि दुसऱ्या, चौकशीची फाइल सांभाळणाऱ्या मॅडम. एकदा एका उमेदवाराने फाइलमधली गोष्ट लपवली आणि नेमकी त्याच क्षणी मी करकरले. मोठे साहेब हसून म्हणाले, "बघा, खुर्ची बोलली!" तेव्हा ती थट्टा होती. पण थट्टेची हळूहळू रीत झाली. मी करकरले की साहेब गुणपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने एक ठिपका देत. तीन ठिपके पडले की माणूस घरी. पुरावा नसेल तर कोणावर बोट ठेवू नका, असे सगळ्यांना बजावणारे साहेब मला मात्र साक्षीदार धरत होते. माझे कौतुक होई, मला रोज पुसत, आणि मी भीतीने अर्धी होई. कारण मला खरे-खोटे काहीच कळत नव्हते, मित्रांनो. मला फक्त वजन कळत होते.

वाहतूक शाखेतला एक हवालदार तीन वर्षे लागोपाठ आला. त्याचा डावा गुडघा दुखे, म्हणून तो उजवीकडे कलून बसे. तिन्ही वेळा तो खरे बोलला, तिन्ही वेळा मी करकरत राहिले आणि तिन्ही वेळा तो नापास झाला. तिसऱ्या वेळी उठताना तो मला नीट सरळ ठेवून गेला. ते मी विसरू शकत नाही.

मग एका दुपारी ती आली. नऊ वर्षे गस्त घातलेली बाई. दाराबाहेर तिची धाकटी बहीण तिला म्हणत होती, "ताई, पाणी पी आधी. आणि घाबरू नकोस गं." त्यावर ती म्हणाली, "घाबरू नको काय? पुढच्या महिन्यात वयाची मर्यादा संपते माझी. हे शेवटचंच."

ते ऐकून माझे चारही पाय गार पडले. ती बसली तेव्हा मी श्वास रोखावा तशी ताठ राहिले. सुरुवातीची उत्तरे ठीक गेली. मग मॅडमनी विचारले, "कामात तुमच्याकडून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती?"

"जप्त केलेल्या वस्तूच्या पाकिटावर मी चुकीचा नंबर घातला. त्यामुळे चोर सुटला. त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवलं. अर्जातही लिहिलंय." बोलता बोलता ती किंचित कलली. कर्र! साहेबांची पेन्सिल हलली. पुढच्या उत्तरालाही कर्र! दोन ठिपके. आता आणखी एक, की हिची नऊ वर्षे पाण्यात. मला ओरडावेसे वाटत होते, पण ओरडायला माझ्याकडे तोच एक आवाज होता.

शेवटचा प्रश्न साहेबांचा ठरलेला असे. "या खोलीत आल्यापासून काय काय पाहिलंत?"

"भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या महिन्याचं आहे," ती म्हणाली. "मॅडमनी चहाला हात लावलेला नाही. आणि साहेब, राग मानू नका, ही खुर्ची वाजली की तुम्ही ठिपका देता. दोन झालेत."

तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"मी काही न बोलता कलते. बघा." कर्र! "आता सरळ बसते. साहेब, मी आज सकाळी हत्तीवर बसून इथे आले." मी गप्प. "हिचा मागचा पाय ढिला आहे, साहेब. बाकी काही नाही."

मॅडमना हसू आवरेना. मोठे साहेब मात्र हसले नाहीत. ते उठले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी माझा पाय हलवला. मला वाटले, संपले, आता मी अडगळीत. पण त्यांनी तो पाय पुन्हा एकदा हलवून पाहिला.

"अकरा वर्षं ठिपके देतोय मी," ते पुटपुटले. "तो वाहतुकीचा हवालदार..."

"त्याचं वय निघून गेलं, सर," मॅडम हळूच म्हणाल्या.

त्या बाईची निवड झाली. माझ्या सांध्यात पाचर ठोकली आणि मी गप्प झाले. पण माझी भीती गेली नाही. मी गप्प आहे म्हणून एखादा खोटारडा खरा ठरला तर?

त्याला बरीच वर्षे झाली; बढती मिळून आता ती स्वतः टेबलापलीकडे बसते. पहिल्याच दिवशी तिने उमेदवारासाठी नवी खुर्ची मागवली आणि मला ओढून आपल्याकडे घेतले. मित्रांनो, आमची निगा राखा, वेळेवर पाचर ठोका. पण आमच्या आवाजावरून माणसाचा निकाल लावू नका. परवा माझी पाचर पुन्हा सैल झाली आणि भर मुलाखतीत मी करकरले. समोरचा उमेदवार घाबरून बोलायचा थांबला.

"माझी खुर्ची आहे ती," ती म्हणाली. "तुम्ही बोला."