दगडाचं पीठ

शेडमध्ये दगड कापायची तीन यंत्रं होती, पाण्याचे दोन नळ होते आणि खिळ्याला पाच मास्क लटकत होते. त्यांतले चार कोरे करकरीत होते. पाणी सोडलं की दगडावर आखलेली रेघ दिसत नाही, म्हणून मिस्त्री तीस वर्षं दगड कोरडाच कापत आले होते.

लेकीने हट्टाने त्यांना तपासणीला नेलं. नर्स फॉर्म भरू लागली.

"सिगारेट?"

"बावीस वर्षं, रोज एक पाकीट. सोडून सहा झाली."

"कामावर धूळ?"

"छे! धूळ रस्त्यावर असते."

नर्सने 'नाही' लिहिलं. लेकीने कपाळावर हात मारला.

"ताई, थांबा. यांच्यात तिला पीठ म्हणतात. बाबा, पीठ किती उडतं?"

"पीठ होय! घरी गेलो की तुझी आई भूत आलं म्हणते, एवढं."

नर्सने 'नाही' खोडलं. "काका, सिगारेट आणि हे पीठ, दोन्हींमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. स्कॅन करून घेऊ."

"अहो, मला साधा खोकलासुद्धा नाही."

"म्हणूनच आत्ता. खोकल्याची वाट पाहिली तर कधी कधी फार उशीर होतो."

मिस्त्रींचा शेडमधला जोडीदार खोकल्यासाठीच दवाखान्यात गेला होता आणि तीन महिन्यांत संपला होता. लेकीचा हात धरून ते म्हणाले, "चल, कुठे झोपायचं ते दाखव."

स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात गाठ दिसली. ती कॅन्सरचीच निघाली, आणि महिन्याभरात ऑपरेशन झालं.

अहवालात लिहिलं होतं: गाठ अकरा मिलिमीटर. आसपासच्या तपासलेल्या लसिकाग्रंथी नऊ, कॅन्सर आढळलेल्या शून्य. म्हणजे तो पसरण्याआधीच सापडला होता.