अप्पारावांची टर्बो गाडी

शहरातल्या निम्म्या गाड्यांना त्यांच्या मालकांपेक्षा जास्त अक्कल असते, असं राजेंद्रचं ठाम मत होतं आणि ते तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर ऐकवायचा. छावणी भागात पुढे त्याचं गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर. हाताला यश होतं आणि जिभेला हाड नव्हतं. तरी लोक यायचे, कारण दुसरीकडे गोड बोलून इंजिनाचं वाटोळं करतात आणि इथे वाट्टेल ते ऐकून घेतलं की गाडी सुधारते, हे लोकांना कळून चुकलं होतं. त्यामुळे राजेंद्रचा माज उतरायचं काही कारणच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मेघा म्हणाली, "अप्पा गाडी घेऊन येणार हायेत."

अप्पा म्हणजे तिचे वडील, अप्पाराव. फुलंब्रीकडचे चाळीस एकरांचे धनी. पोरीनं कोर्टात जाऊन एका मिस्त्रीशी लग्न केलं म्हणून सहा वर्षं त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती, की तिला माहेरची चढू दिली नव्हती. ते येणार हे मेघाला कुणी सांगितलं, एवढंही राजेंद्रनं विचारलं नाही. तो फक्त हसला.

"आले का शेवटी गुडघ्यावर?"

"हे असलं बोलू नका," मेघा म्हणाली. "गुडघे माझ्या आईचे गेलेत. तिला बघायचंय मला. आज अप्पा राजीखुशीनं गेले, तर मला घरी न्यायचं नाव काढतील. एक दिवस जीभ आवरा. दुसरं काय मागत नाय मी."

"बघू," राजेंद्र म्हणाला. राजेंद्रचं 'बघू' म्हणजे काय, हे तिला सहा वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं.

दहाच्या सुमारास पांढरीशुभ्र गाडी दारात लागली. मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत गावाचं नाव, समोर गणपती. अप्पाराव उतरले ते नाकाला रुमाल लावूनच. जमिनीवरच्या तेलाच्या डागांतून त्यांनी धोतर सावरलं आणि जावयाकडे न बघता म्हणाले, "मिस्त्री, बघा तुमच्यानं काय होतंय का."

हकीगत अशी होती. महिन्याभरापासून गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी व्हायचं. खाली मात्र एक थेंब सांडलेला दिसत नसे. शोरूमवाल्यांनी दोनदा भरून दिलं आणि उन्हाळ्यात असं होतं म्हणून सांगितलं. मग एका लग्नाला जाताना चौक्याच्या घाटात गाडी तापून उभी राहिली, सगळ्या सोयऱ्यांच्या देखत. नंतर आठेक दिवस बरी चालली आणि पुन्हा दुप्पट तापायला लागली. आता शोरूमवाले म्हणत होते, इंजिन खोलावं लागेल.

"खोलतील ना," राजेंद्र म्हणाला. "शर्टाला इस्त्री हाय, डोक्याला नाय. उन्हानं कूलंट उडायला ते काय रॉकेल हाय?"

आल्या गाडीचं इंजिन त्यानं आधी निवू दिलं, मग कूलंटच्या टाकीला दाब मोजायचा हातपंप लावला आणि हवा भरली. गार इंजिनावर काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. अप्पाराव "हं" म्हणाले. त्या एका 'हं'मध्ये सहा वर्षांचं सगळं आलं. राजेंद्रनं ऐकलं आणि गाडी घेऊन थेट नगर नाक्यापर्यंत पिटाळून आणली. तापलेल्या इंजिनावर पुन्हा पंप लावला. आता काटा हळूहळू उतरायला लागला आणि बॉनेटखालून गोडसर, जळका वास आला. थेंब मात्र अजूनही नव्हताच.

थेंब दिसणार तरी कसा? इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला गार ठेवायला करंगळीएवढी एक नळी जाते. गळती तिथं असली की कूलंट तापलेल्या लोखंडावर पडतं आणि जमिनीपर्यंत पोचायच्या आतच वाफ होऊन जातं. राजेंद्रनं दाढीचा लहान आरसा आत सरकवला, टॉर्च मारली आणि त्याला नळीच्या बोल्टभोवती वाळलेल्या कूलंटची गुलाबी खरपुडी दिसली. दोनदा गाडी बघूनही शोरूमच्या माणसाला तिथं वाकावंसं वाटलं नव्हतं. वाकलं की शर्ट मळतो.

इंजिन निवायला दीड तास गेला. अप्पाराव उन्हातच उभे राहिले. मेघानं आतून खुर्ची आणली, तर म्हणाले, "राहू दे, बरं हाय." पण 'राहू दे' म्हणाले ते तिच्याकडे बघून. मेघाला तेवढंही पुष्कळ झालं आणि ती चहा टाकायला आत गेली.

राजेंद्रनं बोल्ट काढला. बोल्टाखालची चकतीसारखी तांब्याची वायसरं जळून काळी पडली होती. त्याचं त्याला काही वाटलं नाही, ती जळतातच. पण टर्बोला पाणी पोचवणारं बोल्टाच्या आतलं बारीक भोक पिवळ्या लगद्यानं गच्च भरलं होतं. त्यानं तो तारेनं उकरला, बोटांत चोळला, हुंगला. मग उरलेलं कूलंट घमेल्यात काढलं. तेही गढूळ, पिवळं. राजेंद्रचा चेहरा उजळला. इतका आनंद त्याला पाडव्याला नवीन कपडे घालूनही होत नसे.

"कचरूभाऊ, या इकडं," त्यानं शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली. "हळद बघा, हळद. टर्बो गाडीला हळद लावलीय. लगीन हाय का हिचं?"

कचरू आला. रस्त्यानं जाणारे दोघे-तिघेही थांबले.

"कुणी टाकली ही?" राजेंद्रनं विचारलं.

"मी," अप्पाराव म्हणाले. "घाटात गाडी उभी राहिली तव्हा. चौक्याच्या दुकानातून पाकीट घेतलं."

"आख्खं पाकीट?"

"व्हय."

मग राजेंद्र सुटला. मेघाचं सकाळचं बोलणं त्याच्या कानांत अजून ताजं होतं, त्याला ते आठवतही होतं. पण सहा वर्षांनी चाळीस एकर समोर मान खाली घालून उभे असताना गप्प बसायला त्याच्या अंगात मोठेपणा हवा होता. तो नव्हता. भोक सुईएवढं, त्यात पाकीटभर हळद; थोडी गळती होती, ती बुजवायच्या नादात टर्बोचं पाणीच तोडलं; मग वायसरं जळणार नाहीत तर काय होणार! हे त्यानं तीन वेळा समजावून सांगितलं, दर वेळी जास्त मोठ्यानं. इंजिन वाचलं ते मालकाच्या नशिबानं, अकलेनं नव्हे, हेही सांगितलं. कचरू हसत होता. अप्पारावांनी रुमाल कधीच खिशात ठेवला होता. ते घमेल्याकडे बघत उभे होते.

"ज्याच्या डोक्यातून हे निघालं ना," राजेंद्रनं शेवट केला, "त्याला चुलीपाशीसुद्धा उभं करू नये. माणसं मारील."

मागे कपबश्या वाजल्या. मेघा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे बाकावर ठेवला, घमेल्यात डोकावली आणि म्हणाली, "माझ्या डोक्यातून निघालं."

"मेघा, तू आत जा," अप्पाराव म्हणाले. "हिचं ऐकू नका, मिस्त्री. मीच टाकली."

"का म्हणून आत जाऊ? घाटात गाडी बंद पडली तव्हा तुम्ही मला फोन केला अप्पा. सहा वर्षांत पयला." मग ती नवऱ्याकडे वळली. "पाणी कमी होतंय, अशा वेळी तुझा मिस्त्री काय करतो, असं विचारलं त्यांनी. तुम्ही हिंगोलीला होता, फोन लागंना. मग मी म्हणलं, हळद टाका. मला काय ठाऊक टर्बोला चालत नाय?"

कचरू हळूच आपल्या दुकानाकडे निघून गेला. रस्त्यावरचेही पांगले. राजेंद्रनं बोल्ट घासून लख्ख केला, नवी वायसरं घातली, तीन वेळा साध्या पाण्यानं इंजिन धुऊन काढलं, नवं कूलंट भरलं. सगळं काम त्यानं मान खाली घालून केलं. इंजिन तापवून पुन्हा पंप लावला, काटा जागचा हलला नाही. पण आता तो कुणाला दाखवायचा, हे त्याला कळेना.

तोवर अप्पाराव मेघाला म्हणाले होते, "चल चार दिवस. तुझी आई वाट बघती." ती पिशवी भरून आली आणि पुढच्या सीटवर बसली. चहा तसाच राहिला होता. परत कधी येणार, हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायचं राजेंद्रला धाडस झालं नाही.

अप्पाराव स्टिअरिंगवर बसले, तेव्हा तो खिडकीशी गेला.

"मामा," तो म्हणाला. सहा वर्षांत हा शब्द त्यानं तोंडातून काढला नव्हता. "तिची चूक नाय. जुन्या जिपांना मीच हळद टाकायचो, तिच्याच डब्यातली घेऊन. ते बघूनच ती शिकली."

अप्पारावांनी गाडी चालू केली. तापमानाच्या काट्यावर एक नजर टाकली.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "फोनवर तेबी सांगितलं होतं तिनं."